मस्टरवर नाव

वरणगाव,
४ डिसेंबर १९८८

चि. कुंदा,

तुला आणि लिलाअक्काला गुलाबमामाचा जयभीम. अक्काचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, भावाला चार ओळी लिहायला गुडघे लागत नाहीत.

आता कामाचं लिहितो. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर मी स्टँडजवळ लेथचं दुकान टाकलं, हे तुला ठाऊक आहेच. यावल-रावेरकडचे केळीवाले मोटारपंपांचे शाफ्ट घेऊन येतात. काम उदंड आहे, घरचा माणूस तेवढा नाही. आमचा पितांबर बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड वेळच्या वेळी नवं करून आणतो आणि पोस्टमनची वाट बघत पानटपरीवर उभा राहतो. दुकानात ये म्हटलं तर म्हणतो, "नाना, ही काय नोकरी आहे?" सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की सारं गाव उठतं, हा कूस बदलतो. खायला काळ आणि भुईला भार.

आणि शेजारच्या हसीनाबीचा मुख्तार बघ. दोन वर्षं माझ्याकडे लेथ शिकतो आहे. भोंग्याच्या आधी दुकानापाशी हजर. चहा आणि ईदेला कपडे, याखेरीज त्यानं माझ्याकडे एक पैसा कधी मागितला नाही. कामाची गोडी म्हणतात ती ही.

तू तिकडे रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेतेस. पितांबरला तुझ्याकडे पाठवतो. बापानं सांगून तो ऐकत नाही, सोनारानंच कान टोचलेले बरे. त्याला टिकाव दे, पाटी दे, उन्हात उभा कर. फक्त एक कर, मस्टरवर त्याचं नाव घालू नकोस. हातात मजुरी पडली की तो पिक्चरला जाईल. त्याला कामासाठी काम करायला शिकू दे.

तुझा मामा,
गुलाब तायडे

साक्री,
११ डिसेंबर १९८८

ती. मामा,

आई म्हणते, गुडघे तसेच आहेत आणि भाऊही तसाच आहे.

पितांबरला जरूर पाठवा. आम्ही पाझर तलावाच्या कामावर आहोत, साक्रीहून एस.टी.नं जाऊन पुढे पायी चालावं लागतं. तो आमच्याकडेच राहील. पण ज्याच्या हातात टिकाव त्याचं नाव मस्टरवर, हे माझ्या कामावर ठरलेलं आहे. नावाशिवाय माणूस राबताना दिसला तर उद्या माझीच नोकरी जाईल. आणि नोकरीचं सोडा, मलाच ते जमणार नाही.

मामा, तुमच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट तुम्हाला सांगते. तोताराम आजोबांना, तुमच्या वडिलांना, गावकीची कामं फुकट करावी लागायची. पाटलाचा सांगावा पोचवा, लाकडं फोडा, मेलेलं ढोर ओढा, आणि वर म्हणायचं, हा आमचा मान आहे. एक दिवस त्यांनी काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवली आणि सांगितलं, आजपासून मजुरी असेल तर बोलवा. तुम्ही हे सांगताना दर वेळी तुमचा आवाज चढायचा. मग त्यांच्याच नातवाला तुम्ही वेठीला कसे पाठवता?

गेल्या वर्षापर्यंत इथं मजुरी इतकी कमी होती की माणसं येताना दोनदा विचार करायची. यंदा सरकारनं दर वाढवला, तोही मोर्चे निघाल्यावर. तो दर कुणी दान म्हणून दिलेला नाही. पितांबरला तो मिळेल, आणि तो पिक्चरला गेला तर स्वतःच्या पैशानं जाईल.

तुमची,
कुंदा

वरणगाव,
१६ डिसेंबर १९८८

चि. कुंदा,

वेठ आणि वळण यांतला फरक तुला कळत नाही. बाहेरच्यानं फुकट राबवलं तर ती वेठ, बापानं राबवलं तर ते वळण. तुझ्या वडिलांनी तुला बी.ए. करून ठेवल्यामुळे तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ राहिला नाही. घाल नाव.

सोमवारच्या गाडीनं तो निघतो आहे. गादी नेतो म्हणत होता, मी सतरंजी दिली. त्यानं पायात नवे बूट घेतले आहेत. ते किती टिकतात ते कळव.

गुलाबमामा

साक्री,
१५ जानेवारी १९८९

ती. मामा,

बूट पहिल्या आठवड्यातच गेले. आता तो कामावरच्या कलाबाईच्या नवऱ्याच्या जुन्या टायरच्या चपला घालतो.

त्याला मी कलाबाईच्या टोळीत घातलं आहे. दहिवेलकडच्या पाड्यांवरची माणसं आहेत, बहुतेक बाया. पहिले दोन दिवस हा कमरेवर हात ठेवून उभा. बाया हसायच्या, "साहेब, पाटी भरस का नुसता देखस?" मग याला राग आला आणि रागारागानं टिकाव चालवून त्यानं दोन्ही हातांना फोड आणले. संध्याकाळी जेवताना घास धरता येईना, आईनं भाकरी कुस्करून दिली. मला वाटलं, सकाळी हा वरणगावची गाडी पकडणार. सकाळी उठले तर हा हाताला फडकं बांधून ओट्यावर बसलेला.

त्याला वळण लावते आहे, असं कृपा करून समजू नका. टोळीचं काम सगळ्यांचं मिळून मोजलं जातं. एक जण मागे पडला की सगळ्यांची मजुरी घटते. बाया त्याला रागावत नाहीत, फक्त त्याच्याकडे बघतात. तेवढं पुरतं.

पहिली मजुरी हातात पडली तेव्हा तो बराच वेळ मुठीत धरून बसला होता. पिक्चरला गेला नाही. साक्रीच्या बाजारातून आईला गुडघ्यांना लावायचं तेल आणलं आणि स्वतःसाठी टोपी.

कुंदा

वरणगाव,
२ फेब्रुवारी १९८९

चि. कुंदा,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. केळीवाले गिऱ्हाईक होते, तेही म्हणाले, पोरगा मार्गी लागला. मला फार बरं वाटलं. कुणाला सांगू नकोस, डोळ्यांत पाणी आलं.

पण इकडे उलटंच झालं. मुख्तारनं परवा लेथ बंद केली, हात पुसले आणि म्हणाला, "चाचा, माझा रोज बांधून द्या." मी म्हटलं, बाबा रे, शिकतो आहेस तोवर कसला रोज? आम्ही शिकलो ते मार खाऊन शिकलो. तर म्हणाला, "चाचा, शाफ्ट मीच करतो, तुम्ही फक्त गिऱ्हाइकाशी बोलता." माझ्या तोंडावर. दोन वर्षं ज्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं त्यानं हे बोलावं? मी म्हटलं, दुसरीकडे देतात का बघ. तो खरंच गेला. यावलला ट्रकांत केळीचे घड चढवतो आहे म्हणे. हातातली कला सोडून हमाली. हसीनाबी माझ्याशी बोलत नाही.

मला दाट संशय आहे, पितांबरनं त्याला पत्र टाकून भडकवलं असणार. त्याला विचार. आणि मजुरी तुझ्याजवळ ठेवत जा, त्याच्या हातात देऊ नकोस. पैसा हातात आला की माणूस बिघडतो, मुख्तारकडे बघ.

गुलाबमामा

साक्री,
२० फेब्रुवारी १९८९

ती. मामा,

पितांबरला विचारलं. त्यानं मुख्तारला पत्र लिहिलेलं नाही. मुख्तार यावलला गेला हेही त्याला माझ्याकडूनच कळलं. आणि मुख्तारच्या हातात तर दोन वर्षांत पैसा आलाच नव्हता, तो कशानं बिघडला?

इथं मात्र पितांबरनं मोठा घोळ करून ठेवला आहे.

खड्डा खणताना मधे मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडतात, त्याला मटाम म्हणतात. मूळ जमीन किती उंच होती हे त्यावरून कळतं, आणि आठवड्याच्या शेवटी ओव्हरसियर त्यावरूनच खोली मोजून मजुरी धरतो. गेल्या आठवड्यात कलाबाईची टोळी माती टाकायला बांधावर होती आणि पितांबर खड्ड्यात मागे राहिला होता. त्याला वाटलं, काम नीटनेटकं दिसावं. त्यानं सगळे मटाम तोडून तळ अंगणासारखा सपाट केला, कडा तासल्या, आणि टोळी परत आली तेव्हा घाम पुसत उभा राहिला. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. कलाबाई मटकन खालीच बसली.

ओव्हरसियर म्हणाला, मोजायचं काय? मोज नाही तर मजुरी नाही. नियम तसाच आहे, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण अख्ख्या टोळीचा आठवडा अडकला आहे. पितांबर दोन दिवस जेवला नाही. आईनं ताट वाढलं की म्हणतो, "आत्या, त्या बाया काय खात असतील?"

मी साक्रीच्या ऑफिसात अर्ज दिला आहे. बघू.

कुंदा

वरणगाव,
२६ फेब्रुवारी १९८९

चि. कुंदा,

छान झालं. मी म्हणतो, फार छान झालं. हजार वेळा सांगून जे शिकला नसता ते एका आठवड्यात शिकला. फॅक्टरीत आमच्या हातून माल बिघडला की असाच चटका बसायचा. तू ऑफिसात खेटे घालू नकोस. बुडू दे मजुरी. अर्ज मागे घे आणि चटका पुरता बसू दे.

त्या बायांना काही द्यायचं असेल तर मला कळव, मी बघतो. तसा मी काही दगड नाही.

गुलाबमामा

साक्री,
१२ मार्च १९८९

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मला इतका राग आला की उत्तर लिहायला पंधरवडा थांबले. तुम्ही वरणगावात खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकता. चटका बसला तो कलाबाईच्या चुलीला बसला. त्यांचा बाजार आठवड्याचा असतो. बुधवारी पैसे नाहीत तर गुरुवारी पीठ नाही, इतकं सरळ आहे ते. तुमच्या मुलाला धडा मिळावा म्हणून दुसऱ्यांच्या घरात उपास? आणि तुमची मदत त्यांना नको आहे. त्यांनी काम केलं आहे.

अर्ज मी मागे घेतला नाही. ऑफिसात रोज जाऊन बसले. पितांबरही माझ्याबरोबर आला, आणि उपअभियंत्यांसमोर त्यानं स्वतः सांगितलं, "मटाम मी तोडले. टोळीला ठाऊकही नव्हतं. चूक माझी आहे, पण माती खणलेली आहे आणि ती बांधावर पडलेली आहे. बांध मोजा." ते म्हणाले, सैल माती फुगते, कमी धरावी लागेल. मी म्हटलं, कमी धरा, पण शून्य धरू नका. बांधावर प्रत्येक टोळीच्या हद्दीला खुंट्या ठोकलेल्या होत्याच. शेवटी ते जागेवर आले, स्वतः टेप धरला आणि मजुरी मंजूर केली. नेहमीपेक्षा बरीच कमी, पण मिळाली.

पैसे वाटताना पितांबरनं आपला वाटा घेतला नाही. म्हणाला, माझ्यामुळे कमी आले, माझे तुमच्यात धरा. मला वाटलं, पोरगा चांगलं वागतो आहे. तुम्हीही तेच म्हणाला असतात. पण कलाबाईनं पैसे त्याच्या खिशात कोंबले आणि म्हणाली, "भाऊ, तू फुकट राबशी ते उद्या बठ्ठासना भाव पडी. घे तुन्हा पैसा."

एकाच्या फुकट राबण्यानं सगळ्यांचा भाव कसा पडतो, ते मग मला तिनं समजावून सांगितलं. एक जण फुकट काम करतो असं दिसलं की मुकादम दुसऱ्याला विचारतो, तो करतो तर तुला का पाहिजे? त्यांच्या गावात असं झालेलं आहे. सावकाराकडे एक घर नुसत्या भाकरीवर राबायचं, म्हणून साऱ्या पाड्याची मजुरी वर्षानुवर्षं वाढली नाही.

मामा, मुख्तार तुमच्याकडे फुकट राबत होता. स्टँडजवळच्या बाकीच्या दुकानांत शिकणाऱ्या मुलांना काय मिळतं, हे एकदा चालत जाऊन विचारा.

कुंदा

साक्री,
९ एप्रिल १९८९

ती. नाना,

मी इतक्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण तुमच्याबद्दलची सगळी खबर मला तुमच्या आणि कुंदाताईच्या पत्रांतून कळत होती आणि तुम्हाला माझी.

मी दुकानात येत नव्हतो त्यात आळस होता, खोटं कशाला बोलू. पण निव्वळ आळस नव्हता. तुमच्या दुकानात मी काम केलं असतं तर चांगलं झाल्यावर ते माझं कर्तव्य ठरलं असतं आणि बिघडल्यावर माझी अक्कल निघाली असती. संध्याकाळी हातात काहीच नाही. मग ते काम आपलं आहे असं वाटायचं कसं? इथं आठवड्याच्या शेवटी माझं नाव वाचतात, मी पुढे होतो, अंगठ्यांच्या रांगेत सही करतो. मला ते आवडतं. नाना, मला काम आवडतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यात इथलं काम थांबेल. त्याआधी मी परत यायचं म्हणतो आणि तुमच्या दुकानात लेथ शिकायचं म्हणतो. पण माझ्या अटी आहेत. आधी मुख्तारला परत आणा आणि आपल्यासारख्या दुकानाला सरकारनं जो कमीत कमी दर ठरवला आहे तो त्याला द्या, लेबर ऑफिसात विचारलं तर सांगतात. मलाही शिकाऊ म्हणून जो बसत असेल तोच द्या, मुलगा म्हणून कमी नको की जास्त नको. आणि दुकानात हजेरीचं रजिस्टर ठेवा. त्यात आपल्या तिघांची नावं असतील, पहिलं तुमचं.

मुख्तार फुकट असताना मी पगार घेतला तर मी मालकाचा मुलगा. मी फुकट असताना मुख्तारनं मागितला तर तुम्ही त्याला माझ्याकडे बोट दाखवाल. म्हणून दोघंही मस्टरवर पाहिजेत.

जमत नसेल तर तसं कळवा. मी धुळ्यात एका वर्कशॉपमध्ये विचारून ठेवलं आहे.

तुमचा,
पितांबर

वरणगाव,
१५ एप्रिल १९८९

पितांबर,

बापाला अटी घालतोस? ज्या पैशानं तू बी.कॉम. झालास तो मी कुणाला अटी घालून मिळवला नव्हता. धुळ्याला जायचं तर खुशाल जा.

गुलाब तायडे

वरणगाव,
२१ मे १९८९

चि. कुंदा,

महिनाभर मी तुमच्यापैकी कुणालाच लिहिलं नाही. अक्काला म्हणावं, भाऊ जिवंत आहे, फक्त रागात होता.

पितांबरचं पत्र मी फाडणार होतो. मग वाटलं, आधी त्यातली एक एक ओळ खोडून काढू आणि मग फाडू. खोडायला बसलो आणि एकही ओळ खोडता आली नाही. तरी मी त्याला ते दोन ओळींचं उत्तर टाकलं, कारण माझा स्वभाव तसा आहे आणि आता तो बदलायचं वय राहिलं नाही.

तू म्हणालीस म्हणून स्टँडजवळच्या दुकानांतून फिरलो. वेल्डिंगवाला, मोटार रिवाइंडिंगवाला, सायकलवाला, सगळ्यांकडे पोरं शिकतात आणि सगळ्यांकडे फुकट. रिवाइंडिंगवाला तर मला म्हणाला, "तायडेभाऊ, तुमच्यासारखा फॅक्टरीतला माणूस देत नाही, मग आम्ही कशाला देऊ?" माझ्या नावानं हे चाललं होतं. मला फार वाईट वाटलं, कुंदा. मी पोरांना वळण लावतो आहे असं समजत होतो.

दुकानात शाफ्टचा ढीग पडला होता. उन्हाळ्यात केळीला पाणी थांबलं तर माणसं जीव घेतील. म्हणून एस.टी.नं यावलला गेलो. मुख्तार भर उन्हात खांद्यावर घड घेऊन ट्रककडे चालला होता. मी म्हटलं, चल घरी. तो घड ठेवून आला आणि म्हणाला, "चाचा, काम मला लेथचंच आवडतं. पण आवडीवर चूल पेटत नाही. इथं संध्याकाळी हातात पैसे पडतात." मी म्हटलं, लेबर ऑफिसात विचारून आलो आहे, तोच दर देईन. तो म्हणाला, "लिहून द्या." भर रस्त्यात मला माझ्या शिकाऊला लिहून द्यावं लागलं. वर म्हणतो कसा, "चाचा, मी आता शिकाऊ नाही, कारागीर आहे. दर तो लावा." तोही लावला. त्याचं खरं होतं.

मग तार करून पितांबरला बोलावलं. तो आला तो काळा, वाळलेला, आणि टायरच्या चपलांत. त्याची आई रडली. मी त्याचे हात उलटून बघितले. तो मुख्तारच्या हाताखाली शिकतो आहे. मुख्तार त्याला पहिला आठवडाभर नुसता लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला लावत होता. मी मधे पडलो नाही. दर महिन्याला दोघांना पगार द्यायचा म्हणजे मला भाव थोडा वाढवावा लागला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. रिवाइंडिंगवाला माझ्या नावानं बोटं मोडतो, कारण त्याचा पोरगाही आता मागायला लागला आहे.

रजिस्टर दाराशी टांगलं आहे. दुकान उघडायचं काम मुख्तारकडे असल्यानं हजेरीही तोच लिहितो. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं, तिसरं पितांबरचं. काल भुसावळला दवाखान्यात गेलो होतो, दुकानात पोचायला दुपार झाली. दोघंही मशीनवर होते, कुणी मान वर केली नाही. मी रजिस्टर बघितलं. मुख्तारनं माझ्या नावापुढे अर्धा दिवस लिहिला होता. मी त्याखाली सही केली आणि कामाला लागलो.

तुझा मामा,
गुलाब